शिकवून राहिल्या

दहावीला इंग्रजीत मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा दोष माझा नव्हता, ‘राहणे’ या क्रियापदाचा होता. आमच्या नागपूरकडे माणूस नुसता जेवत नाही, तो जेवून राहतो. झोपत नाही, झोपून राहतो. या राहण्याचं, म्हणजे चालू असलेल्या कामाचं, इंग्रजी करताना माझी पार भंबेरी उडायची. ‘आई सकाळपासून स्वयंपाक करून राहिली’ या वाक्याचं मी परीक्षेत जे काही केलं होतं, त्यावरून आई सकाळी स्वयंपाक करते आणि मग चुलीपाशीच मुक्कामाला राहते, असा अर्थ निघत होता. परीक्षक घरी जाऊन बायकोला सांगून हसले असतील. मी मात्र निकालाच्या दिवशी दार लावून रडले.

हे सगळं सत्तरच्या दशकाच्या शेवटचं. आम्ही उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहायचो. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते. रोज बसने जायचे आणि कॉलरवर राख घेऊन परत यायचे. छप्पन साली आई-बाबांनी दीक्षा घेतली, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. आमच्या घरातल्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात मी कायम पुस्तकंच पाहिली. शिकणं ही आमच्याकडे हौस नव्हती, ते घरचं व्रत होतं. त्यामुळे मी नापास झाले तेव्हा बाबा रागावले नाहीत, ते गप्प झाले, आणि ते गप्प बसणं मला छडीपेक्षा जास्त लागलं. तिसऱ्यांदा बसायचं आणि या वेळी सुटायचंच, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. कसं सुटायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग एका जूनमध्ये बाबांनी कोराडीहून एक अमेरिकन बाई घरी आणली.

मी अतिशयोक्ती करत नाही. बाई दीक्षाभूमी बघायला नागपुरात आल्या होत्या. चुकीच्या बसमध्ये बसल्या आणि थेट वीज केंद्राच्या फाटकाशी उतरल्या. उन्हाने लालबुंद, अंगावर राख. बाबांची पाळी सुटली होती. त्यांनी या बाईंना परतीच्या बसमध्ये बसवलं, उतरवलं आणि आमच्या दारात आणून उभं केलं. आई दचकून म्हणाली, “अवं माय! हे कोन आनली गा तुम्ही?” बाबा म्हणाले, “पाहुणी आहे. पन्हं दे तिले.”

पन्हं पिऊन बाई ज्या बसल्या त्या आठ महिने बसल्या. बाबांनी पुढची खोली देऊ केली, भाड्याचं नाव काढलं नाही, फक्त म्हणाले, पोरीला इंग्रजी शिकवा. माझ्याबरोबर शेजारच्या दोघी आल्या, मग चौघी, मग आम्ही अकराजणी झालो. रोज दुपारी तीन ते पाच आमच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, वर्ग भरायचा.

पहिला महिनाभर मी नुसती थक्क होते. गोरी बाई आमच्या मोरीत आपले कपडे आपण धुते. भाकरी हाताने मोडून खाते. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढते आणि पुन्हा मागते. मराठी तर त्यांनी आमच्या आईकडून उचललं, त्यामुळे ते अस्सल वस्तीचं झालं. “काहून?”, म्हणजे ‘का?’, हा त्यांचा लाडका शब्द. भाजीवाल्याने भाव सांगितला की “काहून?”, मी उशिरा आले की “काहून?”, पाऊस पडला तरी आभाळाकडे बघून “काहून?” एकदा भाजीबाजारात त्यांनी सांबार मागितला तेव्हा बाहेरगावच्या एका गृहस्थाने त्यांना समजावलं की ते मद्राशी हॉटेलात मिळतं. बाई ठसक्यात म्हणाल्या, “नाही जी, आमच्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हणते.” ‘आमच्याकडे’ म्हणाल्या त्या.

वर्गाचा नियम एकच होता. तीन ते पाच मराठी बंद. कुणी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच द्यायचं. जी चुकेल तिने छपरी झाडायची आणि सतरंज्या उचलायच्या. पहिले तीन महिने छपरी मीच झाडली. दुसरी एक सवय म्हणजे, कुणाचं वाक्य बरोबर आलं की बाई टाळी वाजवून ‘करेक्ट!’ म्हणायच्या, मग ‘ऑल टुगेदर!’, आणि आम्ही अकराजणी ते वाक्य एका सुरात म्हणायचो. गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. माझ्या वाक्यावर ही टाळी एकदाही वाजली नव्हती. ‘करून राहिली’ आलं की मी हटकून ‘इज’ आणि ‘सिन्स’ घालायची, बाई हटकून ‘हॅज बीन’ आणि ‘फॉर’ म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

बाईंच्या कागदांची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. त्या पर्यटक म्हणून आल्या होत्या. पासपोर्टवरच्या शिक्क्याप्रमाणे देश बघायला परवानगी होती, काम करायला नव्हती. मुदत एकदा वाढवून झाली होती, आणि फेब्रुवारीत ती पुन्हा संपणार होती. आमचा पेपर मार्चमध्ये. बाईंनी अजून तीन महिन्यांचा अर्ज केला होता. त्याची चौकशी करायला पोलिसांच्या कचेरीतून माणूस येणार, असं कळलं. आईने आम्हाला रांगेत बसवून बजावलं, “कोनीबी इचारलं तं सांगाचं, पाहुणी आहे. शिकवते म्हनाचं नाई. समजलं काय वं?” आम्ही माना डोलावल्या. मला गंमत वाटली होती. चोरी लपवतात, दारू लपवतात. शिकवणं लपवायचं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

साहेब आले ते नेमके सव्वातीनला. बरोबर एक शिपाई. आईने विजेच्या चपळाईने फळ्यावर चादर टाकली आणि आमच्या मधोमध तांदळाचं सूप ठेवलं. एका सुपाभोवती अकरा मुली तांदूळ निवडायला बसल्या. माझ्या वाट्याला सात-आठ दाणे आले असतील.

साहेब चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी बाईंचा पासपोर्ट पाहिला, तोडक्यामोडक्या इंग्रजीत चार प्रश्न विचारले, कागदावर काहीतरी भरलं. आईने चहा दिला. ‘पाहुणी आहे जी, लेकीसारखी,’ असं तिने तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, “हो बाई, तसंच लिहिलंय.” फक्त सही राहिली होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही करायला वाकताना, अगदी सहज, माझ्याकडे बघून हसून म्हणाले, “काय वं पोरी, किती दिवसापासून शिकवून राहिल्या बाई तुमाले?”

तो सापळा होता की गप्पा होत्या, हे मला अजून कळलेलं नाही. मला त्यातलं एकच ऐकू आलं. शिकवून राहिल्या. किती दिवसापासून. आठ महिने ज्या वाक्याने मला छळलं, ते वाक्य पुढ्यात आलं होतं. घड्याळात साडेतीन वाजले होते, म्हणजे उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. आणि देवाशप्पथ, आमच्या घरात देव नसला तरी देवाशप्पथच म्हणते, ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप, सरळ, कुठेही न अडखळता बाहेर पडलं.

“शी हॅज बीन टीचिंग अस फॉर एट मंथ्स.”

बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या हातून टाळी वाजली. “करेक्ट!” त्या जवळजवळ ओरडल्याच. “ऑल टुगेदर!”

आणि अकरा मुलींनी, तांदळाच्या सुपाभोवती बसून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं की बाई आम्हाला आठ महिन्यांपासून शिकवून राहिल्या आहेत.

बाईंचे हात टाळीच्या जागीच राहिले होते. शिपाई फिस्सकन हसला, आणि साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला. साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांनी सही केलेली नव्हती.

“खोलीचं भाडं काय घेता?” त्यांनी आईला विचारलं.

आईला इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे काय घडलं ते तिला समजलं नव्हतं. स्वतःचीच ताकीद विसरून ती अभिमानाने म्हणाली, “भाडं कायचं जी? पोरींले शिकवते ना ती!”

साहेबांनी कपाळावर हात ठेवला. “बाई,” ते आईला म्हणाले, “मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी होती. आता माझ्या माणसानेही ऐकलं. पर्यटकाला काम करता येत नाही.”

“काम?” आई चकित होऊन म्हणाली. “शिकवनं काम व्हय काय? थे तं चांगली गोष्ट आहे ना!”

तो कागद साहेबांनी फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला, आणि दुसरा कोरा कागद घेतला.

आठवडाभरात नोटीस आली. मुदतवाढ नामंजूर, पंधरा दिवसांत देश सोडावा.

मला वाटलं होतं आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. मी तयारीत होते. बाबा कोराडीहून आले, नोटीस दोनदा वाचली आणि मला एवढंच विचारलं, “काहून सांगतलं वं तू?” वाक्य बरोबर येत होतं म्हणून सांगितलं, असं बापाला कसं सांगायचं? मी त्या दिवशी जेवले नाही. बाई खोलीतून बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “तू पहिल्यांदा बरोबर बोलली ना वं! मीच टाळी वाजवली. मले आवरलंच नाही.” आणि त्या हसल्या. मनापासून हसल्या. रागावल्या असत्या तर मी सोसलं असतं, पण हे हसणं बघून मी हादरूनच गेले. या बाईचं सगळं उधळून गेलं होतं, आणि तिला आनंद कशाचा, तर माझ्या ‘हॅज बीन’चा!

उरलेल्या पंधरा दिवसांत त्यांनी वर्ग बंद केला नाही. आता लपवायचं काय, म्हणाल्या. फळ्यावरची चादर आईने काढून घडी करून ठेवली. त्या मार्चमध्ये आम्ही अकराही जणी बसलो आणि मी पास झाले. पुढे टेलिफोन खात्यात लागले आणि तीस वर्षं दिवसभर इंग्रजी बोलले. पण या सगळ्याच्या आधी शेवटचा वर्ग झाला, आणि मला सांगायचा आहे तो तोच.

संध्याकाळी गाडी होती. बाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. बरोबर तीन वाजता त्या फळ्यापाशी गेल्या आणि खडूने तेच वाक्य लिहिलं. शी हॅज बीन टीचिंग अस फॉर एट मंथ्स. मग त्यांनी समजावून सांगितलं की हे वाक्य चालू असलेल्या कामाचं आहे. काम संपलं की ते बदलतं. पेपरात असा प्रश्न हमखास येतो. आता हे संपलेल्या काळात करून दाखवा.

कुणी हात वर केला नाही. सोपं होतं, सगळ्यांना येत होतं. मलाही येत होतं, ‘हॅज’चं ‘हॅड’, एका शब्दाचा तर बदल होता. वर्गाचा आवाज येईना म्हणून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “सांगा ना वं पोरींनो,” ती म्हणाली, “येते ना तुमाले.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. तोंड उघडलं, आणि बरोबर उत्तर ओठांवर असताना मी ते गिळून टाकलं.

“शी इज टीचिंग अस,” मी म्हटलं, “सिन्स एट मंथ्स.”

दोन्ही चुका मी मोठ्याने, स्पष्ट म्हटल्या. बाई खडू घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझी चूक दुरुस्त केली नाही.