दोन बोटांची जागा

नथ्थूजी काळमेघ घाटाच्या पायऱ्या उतरायला लागले की नावाडी एकमेकांना डोळ्यानं खुणावतात. आले बाप्पा, आता अर्धा तास एकही नाव हलायची नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस, कानाला मफलर, गळ्यात शिट्टी. सरकारनं नेमलेलं नाही, कोणी आवतण दिलेलं नाही. तरी जबलपूरच्या विजय नगरातून रोज सकाळी स्कूटर हाणत ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाच्या या लहानशा घाटावर यायचं अन् येईल त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवायचं, हा त्यांचा पाच वर्षांचा नेम. मोबदल्यात मिळतात त्या शिव्या. त्या ते निमूट घेतात.

जॅकेट घालणं वेगळं अन् अंगावर टांगणं वेगळं, हे त्यांचं पहिलं वाक्य. सगळे बंद लावायचे, मग पट्ट्याखाली बोटं सरकवून पाहायची. दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं जायला नको. मग खांद्याशी धरून वर ओढायचं. कानापर्यंत आलं, तर समजायचं की पाण्यात हे जॅकेट तुम्हाला सोडून एकटंच तरंगणार आहे. लेकराचं जॅकेट निराळं, त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. नावेत पाय मधोमध ठेवायचा अन् ठेवला की बसायचं. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. नाव उलटली तर पोहून काठ गाठायची मर्दुमकी नको, नावेलाच धरून राहायचं. वारा उठला असेल किंवा वरून धरणाचं पाणी सुटलं असेल, तर आल्या पावली घरी जायचं. नर्मदामैया कुठं पळून जात नाही.

एकदा एक दंड फुगवलेला तरुण म्हणाला, "अंकल, मैं तो स्विमिंग चैंपियन हूँ।" नथ्थूजी त्याचे बंद आवळत म्हणाले, "अच्छा? तो मैया को सर्टिफिकेट दिखा देना।" सगळा घाट हसला. नथ्थूजी हसले नाहीत. त्यांना हसताना या घाटावर कोणी पाहिलेलंच नाही.

पूर्वी असे नव्हते हो. वडील वर्ध्याकडून जबलपूरला फॅक्टरीत आले, मग हेही तिथंच लागले, अन् छत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. न तपासलेला एक नट आपल्या हातून पुढं गेला नाही, ही त्यांची शेखी. घरीही तेच. झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा पाहायचे, प्रवासाला निघाले की कुलूप ओढून परत यायचे अन् पुन्हा ओढायचे. बायको पुष्पाबाई म्हणायच्या, "जन्मले तेव्हाही यांनी आधी सुईणीचे हात तपासले असतील." यावर नथ्थूजी मनापासून हसायचे. बायकोच्या तोंडची थट्टा त्यांना गुळासारखी लागायची.

अशा माणसाच्या हातून ते व्हावं, याला काय म्हणायचं?

लेक सुखदा नागपुरात दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस रिकामी, म्हणून पुष्पाबाईंनी नर्मदेला नवस केला होता: पोरीच्या घरी पाळणा हलू दे, मधल्या धारेत येऊन तुझी ओटी भरीन. पाळणा हलला. पाच वर्षांमागच्या कार्तिकात पुष्पाबाईंनी बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन खण आणला, हिरव्या बांगड्या घेतल्या, नारळ कानाशी हलवून निवडला अन् दोघं या घाटावर आले. सुखदा बाळंतीण, विजय नगरच्या घरी बाळाजवळ. नाव मोहन बर्मनची. मोहननं नावेतल्या आठही जणांना जॅकेटं घातली, एकेकाच्या पट्ट्याखाली बोटं घालून पाहिली. नथ्थूजींना ते फार आवडलं. आपल्या जातकुळीचा माणूस आहे, असं ते पुष्पाबाईंना म्हणालेसुद्धा.

आता काळमेघांकडची रीत अशी की नदीची ओटी हातानं टाकत नाहीत. खण, नारळ, तांदूळ बाईनं आपल्या पदरात घ्यायचे अन् पदरातूनच पाण्यात सोडायचे. लेकीबाळीला देतो तसं. मधल्या धारेत नाव थांबली, पुष्पाबाई पदर ओढू लागल्या, तर तो जॅकेटखाली घट्ट अडकलेला.

"अहो, पदर निघत नाही. बंद सोडा न दोन मिनिटं."

मोहन वल्ह्यावरून म्हणाला, "बाबूजी, मत खोलिए।"

अन् ज्यानं छत्तीस वर्षं एक नट सोडला नाही, तो माणूस म्हणाला, "अरे भैया, माँ की गोद में क्या डर।" स्वतःच्या हातानं त्यांनी बायकोचे तिन्ही बंद सोडले अन् जॅकेट उतरवून हातात धरलं. पुष्पाबाई पदर पसरून वाकल्या. त्याच क्षणी समोरच्या बाजूचे चौघं दिवे सोडायला म्हणून उठून याच बाजूला आले, अन् नाव कलंडली.

सातजण वर आले. नथ्थूजीही आले. बायकोला धरायला त्यांनी खाली जायची धडपड केली, पण अंगातलं जॅकेट त्यांना बुडू देईना. त्यानं आपलं काम चोख केलं. हातात पुष्पाबाईंचं रिकामं जॅकेट घेऊन हा माणूस पाण्यावर तरंगत राहिला. मोहन तीनदा तळाकडे गेला अन् तीनदा रिकाम्या हातानं वर आला. बाई दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, तिलवाऱ्याच्या घाटाकडे सापडल्या.

जबाब लिहायला सरकारी माणूस घाटावर आला तेव्हा सुखदा बापाला धरून उभी होती, मोहनही समोरच होता. त्यानं विचारलं, "जैकेट पहना था?" नथ्थूजी म्हणाले, "नहीं।" एवढंच बोलले अन् सही केली. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, अन् अर्ध्या खऱ्यानं जे व्हायचं तेच झालं. प्रवाशाच्या अंगावर जॅकेट नसलं तर दोष नावाड्याचा, असा नियम. मोहनचा परवाना गेला, नाव गेली. बापजाद्यांचा धंदा सोडून तो त्याच घाटाच्या पायरीवर माशांसाठी कणकेच्या गोळ्या अन् पानाच्या द्रोणातले दिवे विकायला बसला.

वर्षभरानं नथ्थूजी त्याच्याजवळ गेले अन् विचारलं, तू गप्प काहून राहिलास? मोहन गोळ्या वळत म्हणाला, "बिटिया वहीं खड़ी थी, बाबूजी। उसकी माँ तो चली गई थी। बाप भी ले लेता क्या?"

त्या दिवसानंतर तरी बोलायचं की नाही? नाही बोलले. उद्या सांगू, दिवाळीला पोरगी येईल तेव्हा सांगू, असं करत पाच वर्षं काढली. सुखदा दर रविवारी फोन करायची, "बाबा, जेवलात का, गोळी घेतली का," अन् तो आवाज ऐकला की नथ्थूजी हो हो म्हणून फोन ठेवून द्यायचे. आईविना पोरीला बाप तेवढा उरलेला, अन् बापालाही तीच. ती गेली तर उरलं काय? म्हणून रोज घाटावर यायचं अन् परक्यांचे बंद आवळायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं ते स्वतःशीच म्हणायचे.

यंदाच्या कार्तिकात सुखदा आली. नवस अर्धा राहिलाय, तो पुरा करते, म्हणाली. लेकीला सासूजवळ ठेवून आली होती. बडा फुहाऱ्याहून तसाच खण, तशाच बांगड्या घेतल्या. नथ्थूजींनी घाटावर हरप्रकारे सांगून पाहिलं.

"काठावरच भर न ओटी. मी इथं सगळ्या बायांना तेच सांगून राहिलो. मैया काठावरही तीच आहे."

"आई जिथं गेली तिथंच भरणार, बाबा."

मग काय करता? त्यांनी चांगलं जॅकेट निवडलं, नावेजवळ पायरीवर उभं करून तिला घातलं अन् बंद लावले. सुखदानं ओटीचं ताट उचललं अन् पदर ओढला. पदर जॅकेटखाली अडकलेला.

"बाबा, पदर निघत नाही. बंद सोडा न दोन मिनिटं. नावेत बसले की लावते परत."

नथ्थूजींचे हात तिथंच थांबले. मागून पायरीवरून मोहनचा आवाज आला, "दीदी, मत खोलिए।"

सुखदा वळली. पाच वर्षांत ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती. आवाज न चढवता म्हणाली, "आप तो मत ही बोलिए। उस दिन बोलते तो मेरी माँ आज होती।"

मोहननं मान खाली घातली अन् गोळ्या वळू लागला.

"तो बोलला होता," नथ्थूजी म्हणाले.

"काय?"

"बोलला होता तो. हेच बोलला होता. जॅकेट त्यानं घातलं होतं तुझ्या आईला, नीट घातलं होतं. बंद मी सोडले. पदर निघत नव्हता म्हणून मी सोडले, बाई. या हातांनी."

नदीवर कोणीतरी आरतीची घंटा वाजवत होतं, ती थांबली.

"मग जबाबात?"

"त्यानं विचारलं तेवढंच सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. तू बाजूलाच उभी होतीस."

"अन् भैयाला माहीत होतं, तरी ते गप्प राहिले?"

"हो."

तिनं एकदाही बापाला दूषण दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ताट पायरीवर ठेवलं. नथ्थूजी सवयीनं पुढं झाले, पट्टा ढिला वाटत होता, बोटं घालून पाहायला हात पुढं केला, अन् सुखदा एक पाऊल मागं सरली.

"तुम्ही नको."

ती दोन पायऱ्या चढून मोहनच्या पाटीसमोर उभी राहिली. "भैया, आप बाँध दीजिए।"

मोहन नथ्थूजींकडे बघू लागला. नथ्थूजींनी हात मागं घेतले. मग मोहननं कणकेचे हात पंच्याला पुसले अन् पाच वर्षांत पहिल्यांदा कोणाचे बंद बांधले. तिन्ही आवळले, बोटं सरकवली, खांद्याला धरून वर ओढून पाहिलं. सुखदानं त्याच्यासमोर हात जोडले. नावेत पाय मधोमध ठेवून ती बसली. पदराचा नाद तिनं सोडला होता, ओटी ओंजळीनंच भरणार होती.

"उद्या जबाब लिहून नेला त्या ऑफिसात जायचं," ती बापाकडे न बघता म्हणाली. "सगळं लिहून द्यायचं. मी बरोबर येईन. आज मात्र या नावेत बसू नका."

दुसऱ्या नावाड्यानं वल्हं मारलं. नाव मधल्या धारेकडे निघाली, तसे नथ्थूजी गळ्यातली शिट्टी मुठीत धरून मोहनच्या पायरीवर बसले. नाव अर्ध्यावर पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "ठीक से बैठा है न? दो ही उँगली गई?"

"दो ही गई," मोहन म्हणाला. "उस दिन माताजी का भी देखा था, बाबूजी। दो ही गई थी।"

नाव परत काठाला लागेपर्यंत दोघं त्याच पायरीवर बसून राहिले.