फेट्यातला महाशीर

उंब्रजच्या आप्पासोनं जन्मात कधी थाप मारली नाही, तरी गाव त्याला थापाड्याच म्हणायचं. कृष्णेत गळ टाकावा तर त्यानंच. पण बायको धोंडुबाई पडली माळकरी. "मासा आत, तर मी भाईर," असं तिनं अंगाची हळद उतरायच्या आधीच बजावलेलं. त्यामुळं आप्पासो मासा धरायचा, वितीनं मोजायचा आणि सोडून द्यायचा. गावात आणायला उरायची ती नुसती हकिकत.

"महाशीर हुता. ह्येवढा!" तो दोन्ही हात पसरायचा.

"हात आखूड पडत्यात गड्या, कुणाचं तरी उसनं घे," सिद्धू न्हावी वस्तरा थांबवून म्हणायचा.

त्र्याण्णव साली ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत छातीला लागेल एवढा महाशीर गळाला लागला. आप्पासोनं तो काठावरच्या गुळाच्या रिकाम्या काहिलीत पाणी भरून जिवंत ठेवला आणि फोटोवाल्याला सांगावा धाडला. आता बघू, कोण थापाड्या म्हणतंय!

फोटोवाल्याच्या आधी सरपंच ज्योतिबा पोचला. शाल-नारळ त्याच्या पिशवीत कायम, एस.टी.चा नवा कंडक्टरही त्याच्या तावडीतून सुटला नव्हता.

"आवं, येवढा थोर पाव्हणा आन सत्कार न्हाई?"

"मासा हाय त्यो, सरपंच!"

"म्हणून काय उघडाच हुबा करायचा?"

चौघांनी मासा उभा धरला. शाल पांघरली, फेटा बांधला, नारळ पोटाशी टेकवला. फोटो निघाला मात्र, पाहुण्यानं चौघांना चिखलात लोळवलं आणि शालीसकट नदी गाठली.

फोटोत शेपूट नाही, खवलं नाहीत. फेट्याखाली जाड ओठ आणि बारीक मिश्या तेवढ्या.

"ह्यो मासा?" सिद्धू म्हणाला. "मग आमचा आज्जाबी मासाच की रं!"

तरी आप्पासोनं फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. पुढच्या साली लेकीला, उत्कर्षाला, बघायला सांगलीचे पाहुणे आले. मुलाच्या बापाची नजर फोटोवर खिळली.

"हे कोण म्हणायचे?"

आत धोंडुबाईच्या हातातली कपबशी थांबली. खरं सांगावं, तर थापाड्याच्या घरात सोयरीक कोण करणार?

"आमचं सासरं," आप्पासो म्हणाला. "पवायला लय पटाईत."

पाहुण्यांनी हात जोडले. मुलाची आई उत्कर्षाकडं कौतुकानं बघत म्हणाली, "पोरीची जिवणी अगदी आजोबांवर गेलीय!"

सुपारी तिथंच फुटली. आता लग्नात खरा सासरा आला की त्याला कोण म्हणून दाखवायचं, एवढंच ठरायचं राहिलं.