पप्पांचा उपास

माझ्या पप्पांनी आम्हा दोघी बहिणींवर कधी हात उगारला नाही, हे ते चारचौघांत अभिमानाने सांगत. खरंच होतं ते. धाकटी वाचताना अडखळली की पप्पा पुस्तक मिटायचे, गुडघे टेकायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. चूक तिची, उपास यांचा. सहा वर्षांच्या पोरीला याहून सोयीस्कर मार कोणता? वळ उठत नाही, वर भक्तीही दिसते.

जगाचं वारं लागू नये म्हणून त्यांनी मला चौथीतून काढलं होतं. धाकटीने तर शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. मुलुंडच्या आमच्या वन रूम किचनमध्येच शाळा भरायची. पप्पा मुख्याध्यापक, म्हणजे सकाळची प्रार्थना सांगून ऑफिसला पसार. शिकवायची आई, पोळ्या लाटता लाटता. गणितात नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी, भूगोलात पौलाचे प्रवास. करिंथ नकाशावर कुठे आहे ते मी डोळे मिटून दाखवायचे. पण शेजारचं नाहूर स्टेशन मुलुंडच्या अलीकडे की पलीकडे, असं कुणी विचारलं की माझी वाट लागायची. याला पप्पा संस्कार म्हणत.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतले दहा-बाराजण आमच्याकडे प्रार्थनेला जमत. तेव्हा पप्पा धाकटीच्या हातात बायबल उघडून देत आणि ती आधी नेमून दिलेलं एक अख्खं स्तोत्र घडाघडा वाचून दाखवी. "प्रभूची स्तुती असो!" म्हणून सगळे समोशांकडे वळत.

नुसती पोपटपंची होती ती. त्या पानावरचं एक अक्षरही तिला वाचता येत नव्हतं. दुपारी मी तिला ते स्तोत्र चार-पाच वेळा वाचून दाखवायचे, तेवढ्यात तिचं पाठ व्हायचं. तेरा वर्षांची होते मी. पप्पा जेवावेत म्हणून मी बहिणीला अडाणी ठेवतेय, हे मला कळत होतं. पप्पांची शिसारी यायची, आणि माझीही.

धाकटी आठ वर्षांची झाली, तेव्हाच्या एका शनिवारी चर्चच्या पाळकसाहेबांबरोबर पाळकबाई आपल्या आईला घेऊन आल्या. आजी म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. स्तोत्र संपल्यावर त्यांनी धाकटीच्या मांडीवरच्या बायबलचं पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाच गं, बाळा. चारच शब्द आहेत."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती पप्पांना म्हणाली, "पप्पा, आज पण जेवणार नाही ना तुम्ही?"

"जेवणार नाही म्हणजे?" आजींनी विचारलं.

पप्पा हसले. "लेकराचं मन हळवं आहे. तिच्यासाठी उपास करतो मी. तो माझा आणि देवाचा प्रश्न आहे."

कोपऱ्यातून कुणीतरी आमेन म्हणालंसुद्धा! या लोकांना आमेन म्हणायला काहीही पुरतं.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे हातातच ठेवून ती म्हणाली, "अहो, तुम्ही जेवत नाही तेव्हा ही पण जेवत नाही. वाढलेलं सगळं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकते. दोन वर्षं बघतेय मी. आणि गप्प बसलेय."

या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब घड्याळ बघू लागले.

सोमवारी आजी आईला घेऊन शाळेत गेल्या. जूनमध्ये धाकटी दुसरीत बसली, वर्गात सगळ्यांत उंच. दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. पप्पा आजही मंडळीपुढे साक्ष देतात की शाळेची वाट आपल्याला देवाने दाखवली. आई शेजारीच बसलेली असते.

ते आता थकलेत, माफ कर त्यांना, असं धाकटी मला सांगते. तिने केव्हाच केलं म्हणे. मला जमत नाही. देवाकडे त्यांनी माफी मागितली असेल, रोज मागत असतील. तिच्याकडे अजून एकदाही मागितलेली नाही.