गेरूनं काढलेलं माप

मी रिसोडला ब्लाउज शिवते. माप घेणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणी माप घेतलं की मला आधी त्यात चूक दिसते. एका रविवारी सकाळी भाऊ म्हणाला, की तो कारंजाला चाललाय, मोटारसायकल बनवणाऱ्या मिस्त्रीला अंगाचं माप द्यायला. मशीनवरून मान वर न करता मी म्हणाले, "गाडी शिवून घेऊन राह्यला का? अस्तर लावाले सांगजो."

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, ताडमाड उंच. त्याला माझं बोलणं कधी लागत नसे. "तू चाल ना संगं," एवढंच म्हणाला. लगीनसराई होती, पुढ्यात अकरा ब्लाउज पडले होते. मी गेले नाही.

गाडी वडिलांची. वडील गेल्यापासून मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी होती. भावाच्या डोक्यात तिचं एक वेगळंच रूप होतं, ठेंगणी, लांब, रुंद हँडलची, आणि ते त्यानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून ठेवलं होतं. कारंजाचा मिस्त्री अशा गाड्या करतो. जुनी गाडी कापतो, नव्यानं जोडतो, टाकीसुद्धा पत्रा ठोकून हातानं बनवतो. चार महिने आधीच टेम्पोत घालून भावानं गाडी त्याच्याकडे पोचवली होती.

त्या दुपारी मी भावाला फोन केला. "दळण गिरणीत पडून हाये, अन् तू तिकडं उंडारून राह्यला!"

"हलू नको म्हणून राह्यला मिस्त्री," तो हसत म्हणाला. "ठेव."

अठरा दिवसांनी त्याला ताप भरला. वाशिमला नेलं. पाचव्या दिवशी घरी आणला तो चादरीत गुंडाळून. मधलं काही मला लिहायचं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्यानं मिस्त्रीचा फोन आला. बहुतेक तो तेवढ्यासाठीच थांबला असावा. म्हणाला, "बेटा, गाडी कापून पडली हाये. तुमच्या भावाचं माप माझ्यापाशी हाये. आता कोणाच्या मापाची करू, ते येऊन सांगा."

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वारलं तर कापड घरच्यांना परत देतात, शिवत नाहीत. मीही तेच करणार होते. सुटे भाग गोळा करायचे, भंगारात द्यायचे आणि मोकळं व्हायचं. तसं आईला सांगूनच मी एसटीत बसले.

मिस्त्रीचं दुकान कापसाच्या बाजारामागे आहे. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती. मिस्त्री पन्नाशीपुढचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. मी त्याला चाचा म्हटलं. त्यानं आधी पाणी दिलं, मग डावीकडच्या चुन्याच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर माझा भाऊ बसला होता.

चाचाची माप घेण्याची रीत मला तेव्हा कळली. तो टेप लावत नाही. भिंतीलगत एक लाकडी घोडी आहे, वरखाली करता येणारी. तिच्यावर गिऱ्हाइकाला बसवतो, समोर एक नळी पकडायला देतो, आणि अंगाच्या कडेनं गेरूची कांडी फिरवून भिंतीवर सगळा माणूस उतरवून घेतो. डोकं, पाठ, कोपर, मुठी, गुडघे, पावलं. मग त्या रेघांवरून गाडी बनवतो. तयार झाली की गिऱ्हाइकानं ओल्या फडक्यानं आपली रेघ आपल्या हातानं पुसायची, मगच गाडी बाहेर. त्या भिंतीवर पुसलेल्या माणसांचे गुलाबी डाग होते, कितीतरी. न पुसलेला एकटा माझा भाऊ.

चूक शोधायची सवय जात नाही. मी म्हणाले, "चाचा, मानेची रेघ दोनदा काढली तुमी."

"तो हलला बेटा. फोन आला होता त्याले. हसला अन् मान वळवली."

तो फोन माझा होता. दळणासाठी केलेला. वर्षभर मी त्या फोनबद्दल काही ना काही कारणानं स्वतःला शिव्या देत होते, आणि इथे तो भिंतीवर निघाला. मी खाली बसले. भंगाराचं काही बोलताच आलं नाही.

"माझ्या मापाची करा," मी म्हणाले.

चाचानं विचारलं, गाडी येते का. येत होती. लहानपणी भाऊ मला टाकीवर पुढे बसवायचा, माझे हात हँडलवर ठेवायचा आणि वरून आपले हात दाबायचा. बोटं दुखायची, पण मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं उतरवून मागे बसवलं असतं. पुढे त्याच गाडीवर गिअर टाकायलाही त्यानंच शिकवलं.

चाचा घोडी सरकवून दुसऱ्या भिंतीकडे नेऊ लागला. मी ती धरली. "नाई. इथंच. त्याच्याच जाग्यावर."

"एका जाग्यावर दोघं नको बेटा. मंग पुसताना पंचाईत होते."

"तुमी काढा तं खरं."

मी हट्टाला पेटले की आईसुद्धा समोरून उठून जाते. चाचानं दोन मापांची गल्लत नको म्हणून गेरूऐवजी कोळसा घेतला. मी भावाच्या रेघांच्या आत बसले. माझ्या पाठीमागे त्याची पाठ होती, मध्ये चांगली वीतभर जागा उरत होती. माझं डोकं त्याच्या हनुवटीखाली आलं. नळी तीच, तिथल्या तिथे. कोळसा भिंतीवर खरखर करत माझ्या कानाजवळून गेला तेव्हा मागे कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं मला वाटलं. भीती नाही वाटली. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच नंतर एसटीत भीती वाटली.

घरी आईला सगळं सांगितलं. ती निवडणं बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माह्या लेकराले असं परक्याच्या भिंतीवर काहून बसवून ठेवलं? पुसून टाक. सुटू दे त्याले."

फोनमध्ये भिंतीचा फोटो होता, तो मी तिला दाखवला नाही. फोटोत भाऊ बोटाएवढा दिसत होता. भिंतीवर तो त्याच्या उंचीचा होता, मला मान वर करून बघावं लागत होतं.

सात महिन्यांनी गाडी तयार झाली. मी गेले, बसून पाहिलं आणि म्हणाले, हँडल उंच वाटतं. चाचानं खाली घेतलं. पुन्हा गेले, सीट टणक वाटली. तिसऱ्यांदा आवाजात खोट काढली. दर खेपेला तो गाडीकडे वाकायचा आणि मी घोडीवर जाऊन बसायचे. माझ्या रेघांत, म्हणजे भावाच्या रेघांत. दुकानात पाना पडला, पत्रा वाजला, की मला वाटे आता तो म्हणेल, ठेव. सांगते आहे ते वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण त्या दिवसांत रिसोडचं घर मला रिकामं वाटायचं आणि ते दुकान भरलेलं.

चौथ्या खेपेला चाचानं हातातला पाना खाली ठेवला. "बेटा, गाडीत खोट नाई. तुमी गाडीसाठी येऊनच नाई राह्यल्या. तुमी भिंत पाहाले येता."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मी म्हणाले, "तं मंग द्या गाडी. पण त्याचं पुसू नका."

"त्याचं मी पुसत नाई. ज्याचं त्यानं पुसावं, अशी रीत हाये. राहू द्या त्याले." त्यानं पाण्याची बादली आणि फडकं माझ्यासमोर ठेवलं. "तुमचं तेवढं पुसा. रेघ ठेवून जो गेला, तो सुखानं गाडी चालवत नाई. मन इथंच राह्यते त्याचं."

ते मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी पुसायला घेतलं. पाठ पुसली. खांदा, कोपर, गुडघा. कोळसा पटकन जात होता. त्याचं काही बिघडू नये म्हणून मी फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून, ब्लाउजचा काठ दुमडताना लक्ष देते तसं लक्ष देऊन पुसत होते. सगळं नीट चाललं होतं. मग मी मुठींपाशी आले.

तिथे गेरू आणि कोळसा एकच होते. माझी मूठ त्याच्या मुठीत गच्च बसली होती, रेघेवर रेघ. पंचाईत होते, असं चाचा म्हणाला होता ती हीच. सतरा वर्षं कपडा कापते मी, आणि एवढं साधं मला आधी दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी तिथेच बसले असते, हेही खरं.

मी चाचाकडे पाहिलं. तो बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

फडकं चालेना म्हणून बोटानं पुसून पाहिलं. कोळसा निघाला तसा गेरूही निघाला. मी मोठ्यानं म्हणाले, "दादा, सोड." एवढंच. मग तळवा ओला करून दोन्ही मुठी पुसून टाकल्या.

भिंतीवर तो अजून बसला होता, दोनदा काढलेल्या मानेसकट. फक्त मनगटापुढे काही नव्हतं. मी रडले, आवाज काढून रडले, आणि चाचानं मला रडू दिलं.

मग गाडी सुरू केली. मंगरुळपीर मागे टाकलं, वाशिम मागे टाकलं. हँडल अगदी माझ्या मापाचं होतं, चूक काढायला जागा नव्हती. बोटं दुखत होती, कारण सगळा रस्ताभर मी ते गरजेपेक्षा जोरात धरलं होतं.

दिवेलागणीला घरासमोर गाडी बंद केली. आई बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलंच नाही. माझे तळहात उलटे करून पाहिले. घामानं गेरू रेषांत बसला होता.

"हाताले काय लागलं वं?"

"पुसून आली," मी म्हणाले. "सगळा नाई. हात तेवढे पुसले त्याचे."

मी नळाकडे वळले. जिनं मला पुसून टाक म्हणून सांगितलं होतं, तिनं माझी मनगटं धरली आणि माझे हात धुऊ दिले नाहीत.