गाडीचे दिवे बांबूवर

वीज गेली तेव्हा माझ्या वर्कशॉपमध्ये भांडण चालू होतं. भांडण दिव्यांचंच होतं.

मी ऑटो-इलेक्ट्रिशियन. गाडीचं इंजिन दुसऱ्यानं बघायचं. दिवे, हॉर्न, बॅटरी, डायनामो माझ्याकडे. माटुंग्याला डिप्लोमा केला, काही वर्षं एका मोटार कंपनीच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला काढली आणि मग लालबागला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. आठवडाभर मोर्चे, सभा, हरताळ. रविवारी दुपारी मात्र माझ्याकडे गाड्यांचं वेड असलेली मंडळी जमायची. कुणाला नवा हॉर्न हवा, कुणाला क्रोमचा बंपर, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठे हेडलाइट.

त्या रविवारी दोघंच उरले होते. एक रुसीशेठ. भायखळ्याला त्यांची बेकरी होती. त्यांची अमेरिकन गाडी म्हणजे चाकांवरचं जहाज. तिला मूळचे दोन हेडलाइट होतेच, त्यावर मी दुपारीच चार जादा दिवे बसवले होते. वर दोन पांढरे, लांबवर झोत टाकणारे. खाली दोन पिवळ्या काचेचे, घाटातल्या धुक्यासाठी. या पिवळ्या काचेवर उभ्या रेघा असतात. त्यांमुळे उजेड लांब न जाता दोन्ही बाजूंना पसरतो.

दुसऱ्या डॉक्टर सुशीला कर्णिक. राहायला शिवाजी पार्कला, प्रसूतिगृह परळला. छोटी इंग्रजी गाडी स्वतः चालवायच्या. स्पार्क प्लगसुद्धा स्वतः साफ करायच्या.

"समोरच्याचे डोळे दिपवले की आपल्याला रस्ता दिसतो," डॉक्टरबाई म्हणत होत्या, "पण मग तोच येऊन आपल्यावर आदळतो. तांबे, तुम्ही यांना हे दिवे लावून दिलेतच कसे?"

"अरे बाई, खंडाल्याला धुकं येते तवा तुमचा तो काजवा काय कामाचा?" रुसीशेठ म्हणाले. "आपला पिवला लाइट एकदम चौडा. देखो तो सही!"

त्यांनी दाखवायला बटण ओढलं आणि त्याच वेळी वर्कशॉपचे बल्ब गेले. रुसीशेठ दचकले. त्यांना वाटलं, आपल्यामुळेच गेले. बाहेर येऊन बघतो तर सगळा रस्ता अंधारलेला. दिवस मावळला होता.

तेवढ्यात कांबळे धावत आला. हा वरळीच्या बीडीडी चाळीतला. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, आणि आमच्या भागातल्या सभांची सगळी उठाठेव त्याच्याकडे. वर्कशॉपमागच्या मैदानात त्या संध्याकाळी सभा होती.

"तांबेभाऊ, वाट लागली. पार त्या टोकापर्यंत वीज नाय. मैदान भरलंय. पुढं सगळ्या बायका-पोरं बसल्यात. फौजदार बोलतोय, अंधारात सभा चालू देणार नाय. आता उठा आणि घरी जा."

"मग पुढच्या रविवारी घ्या," मी म्हणालो.

"पुढच्या रविवारी भागीरथीबाई येतील का?"

भागीरथीबाई त्याच्याच चाळीतल्या. मूळच्या मालवणकडच्या. गिरणीत रिळांवर काम करायच्या. मोर्चावर झालेल्या गोळीबारात त्यांचा मुलगा गेला होता. तेव्हापासून त्या कुणाशी फारशा बोलत नव्हत्या. कांबळेनं आणि त्याच्या बायकोनं कितीतरी विनवण्या केल्या, तेव्हा कुठे त्या सभेत बोलायला तयार झाल्या होत्या. आज परत पाठवलं असतं तर त्या पुन्हा व्यासपीठावर चढल्या नसत्या. आणि एवढी गर्दी अंधारात एकदम उठली तर चेंगराचेंगरी, ती वेगळीच.

मी रुसीशेठच्या गाडीकडे पाहिलं. कांबळेनंही पाहिलं.

"नहीं नहीं," रुसीशेठ म्हणाले. "मोर्च्यात लोक गाडीवर पथ्थर मारते. माझी गाडी तिथे? पागल झाला काय?"

कांबळे पुढे झाला. "शेठ, तुमच्या गाडीला कुणी बोट लावलं तर पहिला मी आडवा पडेन."

रुसीशेठनी टोपी काढली, परत घातली. "वो बाईचा लडका मेला ना? फायरिंगमध्ये?"

"व्हय."

"चल, बस पुढे," ते मला म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

गर्दीतून गाडी नेणं हे मला सगळ्यात अवघड वाटलं होतं. तेच सोपं निघालं. कांबळे पायरीवर उभा राहून ओरडत होता, "वाट द्या, दिवे आलेत, वाट द्या!" माणसं हात धरून बाजूला होत होती. गिरणी कामगारांनी गाडीभोवती कडं केलं. रुसीशेठच्या गाडीला खरंच एक ओरखडाही पडला नाही.

गाडी व्यासपीठासमोर उभी केली आणि सगळे दिवे लावले. मैदानातून एवढी मोठी आरोळी उठली, की कोपऱ्यावरच्या पोलिसांच्या गाडीतले शिपाई खाली उतरले. रुसीशेठनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

तो आनंद फार टिकला नाही.

पहिली अडचण आवाजाची. इंजिन चालू ठेवलं तर वक्त्याचं काही ऐकू येईना. बंद केलं तर सगळा भार बॅटरीवर. डायनामो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. इंजिन बंद तर डायनामोही बंद. सहा दिवे आणि एक बॅटरी. बघता बघता पांढरा उजेड पिवळसर झाला.

दुसरी अडचण लाउडस्पीकरची. त्याचं यंत्र विजेवर चालायचं, नाहीतर बारा व्होल्टच्या बॅटरीवर. लाउडस्पीकरवाल्यानं सकाळपासून गल्लोगल्ली सभेची हाक देऊन आपली बॅटरी संपवली होती.

पण खरी अडचण तिसरी होती. कांबळेनं भागीरथीबाईंना हात धरून वर आणलं. झोत सरळ त्यांच्या तोंडावर. त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"बोला मावशी," कांबळे म्हणाला.

"माका कोणच दिसना नाय रे," त्या म्हणाल्या. "समोर नुसतो उजेड. कोणाशी बोलू?"

त्यांची सावली मागच्या पडद्यावर राक्षसासारखी हलत होती. त्या मागे सरकल्या आणि खुर्चीत बसल्या. पुढच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मागची काही माणसं उठू लागली. फौजदार पुढे आले. मराठीच होते, बिचाऱ्यांना दोन्हीकडून शिव्या बसत.

"कांबळे, पुरे झालं आता. लोकांना शांतपणे घरी जाऊ द्या."

"थोडा वेळ द्या साहेब," मी मध्येच बोललो. "दिवे नीट करतो."

"थोडाच," ते म्हणाले.

मी दिवे बंद केले. अंधारात उभा राहून विचार करू लागलो, पण डोक्यात काही येईना. शेजारी डॉक्टरबाई आल्या.

"तांबे, ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही दिवा समोरून कधी घेत नाही. वरून घेतो. आणि दोन बाजूंनी, म्हणजे हाताची सावली पडत नाही."

मी वर पाहिलं. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना कर्णे टांगलेले उंच बांबू होते. एका क्षणात सगळं जुळलं.

"रुसीशेठ," मी म्हणालो, "गाडी नकोय. दिवे काढायचे आहेत."

"क्या? दुपारी लावले ते?"

"चारही. आणि बॅटरीपण."

"साला, मग माझ्याकडे राहिलं काय?"

"हॉर्न," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रुसीशेठ आधी रागावले, मग हसू लागले. स्वतःच डिकीतून पाना काढून आणला. "तू पांढरे काढ, मी पिवळे काढतो," म्हणाले. माणूस शौकीन असला तरी हातानं काम करणारा होता. बेकरीतही भट्टीपुढे स्वतः उभा राहायचा.

बॅटरी का काढायची, तर गाडी होती सहा व्होल्टची. सहा व्होल्टला लांब तार चालत नाही. वीज वाटेतच मरते आणि दिव्यापर्यंत निम्मीच पोचते. म्हणून तार लांबवण्यापेक्षा बॅटरीच दिव्याजवळ न्यायची. दिवे सोडवताना इंजिन चालू ठेवून रुसीशेठची बॅटरी पुन्हा थोडी भरून घेतली होती, ती व्यासपीठाखाली ठेवली आणि दोन पांढरे दिवे तिला जोडले. माझ्या वर्कशॉपमध्ये एका गिऱ्हाइकाची सहा व्होल्टची बॅटरी भरून तयार होती. ती कांबळेच्या दोन माणसांनी खांद्यावरून आणली. पिवळे दिवे तिच्यावर. तार घेतली ती स्टार्टरची, अंगठ्याएवढी जाड.

राहिला लाउडस्पीकर. त्याला बारा व्होल्ट हवे होते. ते एकाच ठिकाणी होते, वर्कशॉपपुढे उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंच्या गाडीत. मी विचारायला कचरत होतो. बॅटरी काढली की गाडी बंद, आणि बाईंना कुठल्याही क्षणी बाळंतपणाचा निरोप यायचा.

त्यांनीच गाडीपाशी जाऊन बॉनेट उघडलं. "घ्या. निरोप आला तर पळत जाईन. इथून काही लांब नाही."

बांबूवर चढायला माणसं हवी होती. ती न सांगताच पुढे आली. दहीहंडीला वरच्या थराला जाणारे लालबागचे गडी ते, त्यांना शिडी कशाला. मी खालून सांगत होतो, "अजून खाली वाकव. अजून. आता बांध." दोन्ही पांढरे दिवे दोन बाजूंनी, वरून तिरपे व्यासपीठावर. पिवळे दोन त्याच बांबूंवर, पण तोंड मैदानाकडे, खाली झुकवलेले.

पिवळे कशाला, असं कांबळेनं विचारलं.

"बाईंना माणसं दिसायला हवीत," मी म्हणालो.

टर्मिनल उलटं लागलं असतं तर लाउडस्पीकरचं यंत्र जळलं असतं. पुन्हा एकदा बोटांनी चाचपून खात्री केली आणि तारा जोडल्या.

उजेड पडला, पण आधीसारखा अंगावर आला नाही. चांदणं पडावं तसा व्यासपीठावर उतरला. पडद्यावरच्या सावल्या गेल्या. आणि त्या पिवळ्या दिव्यांनी तर कमाल केली. मंद, पसरट उजेड मैदानाच्या अर्ध्याहून पुढे पोचला. बायकांचे चेहरे दिसू लागले, त्यांच्या मांडीवरची पोरं, त्यांमागे टोप्या आणि मुंडाशी. कुणाचेच डोळे दिपत नव्हते.

"देखा?" रुसीशेठ डॉक्टरबाईंना म्हणाले. "बोला था ना? चौडा लाइट!"

"मान्य," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण बांबूवर."

कर्णा खरखरला. कांबळेनं माइक भागीरथीबाईंपुढे धरला. त्या उठल्या. पदर खांद्यावर घेतला. समोर पाहिलं, बराच वेळ नुसतंच पाहिलं.

"आता दिसतास," त्या म्हणाल्या. "सगळी दिसतास."

मग त्या बोलल्या. भाषण नव्हतं ते. मुलगा कामावरून आला की काय खायचा, त्या दिवशी घरातून जाताना काय म्हणाला, एवढंच सांगितलं. सगळं मालवणीत. मधूनच पुढच्या एखाद्या बाईकडे बघून म्हणायच्या, "तुका म्हायत हा गो." आणि ती बाई मान हलवायची. शेवटी म्हणाल्या, "माझो गेलो. मुंबय जाव देव नकात."

मग जो गजर उठला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!", त्यानं व्यासपीठाच्या फळ्या हादरल्या. मी कुठल्याच पक्षाचा नव्हतो. पण त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडलो. शेजारी रुसीशेठ रुमालानं डोळे पुसत होते. फौजदार मागे हात बांधून उभे होते. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

सभा शेवटपर्यंत झाली. दिवेही टिकले. माणसं त्याच उजेडात रांगेनं बाहेर पडली, कुणाला धक्का लागला नाही. जाताना फौजदार माझ्याजवळ थांबले. "ते पिवळे कुठून मिळतात हो?" एवढंच विचारलं.

कांबळेनं व्यासपीठावरचा हार काढून रुसीशेठच्या गाडीच्या नाकावर घातला. आंधळी, बॅटरी नसलेली ती गाडी कामगारांनी ढकलत माझ्या वर्कशॉपपर्यंत आणली. रुसीशेठ आत राजासारखे बसून हॉर्न दाबत होते. तो वाजत नव्हता, त्याचं त्यांना काही नव्हतं.

पुढे मी कांबळेला सभेसाठी एक पेटीच करून दिली. त्यात चार दिवे, जाड तारा, आणि एकेका तारेला उलटसुलट कळण्यासाठी लाल आणि काळी फीत. राज्य होईपर्यंत ती पेटी गिरणगावात बऱ्याच मैदानांवर फिरली. डॉक्टरबाईंनी महिन्याभरात त्यांच्या गाडीला पिवळे दिवे लावून घेतले. कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावून.

नंतर आयुष्यभर लोक माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, सगळ्यात पॉवरफुल हेडलाइट लावा. मी आधी विचारायचो, तुम्हाला बघायचं काय आहे? निम्मे लोक गोंधळायचे. उरलेल्यांची बॅटरीच म्हातारी झालेली असायची, त्यांना मी ती बदलायला सांगायचो.