फौजदाराच्या तोंडची घोषणा

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अगदी भरात होती. सासूबाई गिरणीत कामाला. परळला बायकांचा मोर्चा निघाला तेव्हा जमावबंदी होती, तरी त्या पुढच्या रांगेत होत्या. शेजारी गिरणीतल्या त्यांच्याच खात्यातली मैत्रीण, भायखळ्याची, घरात नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा झालेली. दोघींना पकडलं, जामिनावर सोडलं. जमावबंदी मोडल्याचा आरोप होताच, वर दगडफेकीचाही लावला.

खटल्याच्या दिवशी चाळीतल्या बायका सणाला नेसावीत तशी लुगडी नेसून निघाल्या. मी त्याआधी कोर्ट पाहिलेलं नव्हतं. आत बसायला जागा नव्हती, आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. भीती होती, पण त्याहून उत्सुकताच जास्त.

साक्षीला फौजदार आला. दोघींनी दगड मारले, चिथावणीच्या घोषणा दिल्या, असं त्याने सांगितलं. आमचे वकील तरुण होते, कोट जरा ढगळ. त्यांनी विचारलं, दगड मारताना तुम्ही स्वतः पाहिलंत का? तो म्हणाला, गर्दीतून दगड आले, कुणी मारले ते दिसलं नाही. मग वकिलांनी घोषणा कोणती ते विचारलं. फौजदार पुटपुटला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, ऐकू आलं नाही.

तेव्हा फौजदाराने घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—"

"झालाच पाहिजे!"

अख्खी खोली बोलली. कुणी ठरवलं नव्हतं, रोजच्या सवयीने तोंडातून निघून गेलं. माझाही आवाज त्यात होता, आणि तो माझाच आहे हे मला दुसऱ्या क्षणाला कळलं. सासरी आल्यापासून मी इतक्या मोठ्याने कधी बोललेच नव्हते. सासूबाईंनी पिंजऱ्यातून वळून पाहिलं. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला, पुन्हा आवाज झाला तर सगळ्यांना बाहेर काढीन म्हणाले. फौजदार कानापर्यंत लाल झाला होता.

दगडफेकीचा आरोप टिकला नाही. मग मॅजिस्ट्रेटनी दोघींना समजुतीच्या सुरात सांगितलं, पुन्हा मोर्चाला जाणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा. मैत्रिणीने नुसती मान हलवली, नाही म्हणून. सासूबाई मात्र बोलल्या. बाहेर त्या आमच्यासारखंच बोलत, पण त्या दिवशी थेट मालवणीत:

"ओरडलंय ता खरा. धोंडो मारूक नाय. बोलावणा इला तर परत जातलंय."

बोलावणं आलं तर परत जाणार, हे मॅजिस्ट्रेटना कळलं असावं, कारण त्यांनी कुणाला अर्थ विचारला नाही. थोड्या दिवसांची कैद सुनावली आणि पुढचं प्रकरण घेतलं.

पोलिसांच्या गाडीपाशी मी कशीबशी पोचले. मला वाटलं, आता ओरडल्याबद्दल बोलणी बसणार. सासूबाईंनी जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज बरो आसा तुझो."

गाडी हलली. मैत्रीण आतून हसत हात हलवत होती. आम्ही बायका लालबागपर्यंत चालत आलो, आणि रस्ताभर घोषणेचा पहिला अर्धा भाग मी देत होते.

सासूबाई सुटून आल्या, पण येतेस का असं त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. पुढच्या मोर्चाला जाताना माझ्या चपला त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.