डावा हात

मंगल कार्यालयासमोरच्या इमारतीत मधुराचा कथकचा वर्ग आहे. आम्ही दोघी एकाच बाईंकडे शिकलो. मी आता लग्नाच्या संगीतासाठी घरच्या मंडळींचे नाच बसवते. काल तालमीतून चहासाठी बाहेर आले, तर ती खिडकीतून दिसली. रिकाम्या वर्गात एकटीच नाचत होती, कुणालाही न दाखवता.

माझ्या पोटात दुखलं, अगदी स्वच्छ दुखलं. तिला कार्यक्रम मिळतात ते अधूनमधून. मला मार्गशीर्षात जेवायला फुरसत नसते. तरी हेवा मीच करायचा?

राहवेना, म्हणून वर गेले. "किती बिझी असतेस गं तू!" ती कौतुकाने म्हणाली. त्या कौतुकात थोडी तरी असूया सापडते का, म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हती. त्याचाच जास्त राग आला.

"ये, बाईंचा तो तुकडा करू." शेजारी शेजारी उभ्या राहिलो. तिचा उजवा हात वर गेला, माझा डावा.

स्टेजखाली उभी राहून मी असंच दाखवते, सगळं उलटं, म्हणजे समोरच्या मावश्या-आत्यांना माझ्याकडे बघून जमतं. ज्यांच्यासमोर रोज नाचावं, अंग हळूहळू त्यांचंच होऊन जात असेल.

"अगं, उजवा!" मधुरा हसली. "पुन्हा."

पुन्हा सुरू केलं. समोर एकही मावशी नव्हती. तरी डावाच गेला.